अर्ध्या कहाणीच्या अक्षता

बायडाबाई माझी एकही कहाणी ऐकत नव्हत्या, हे मला एका अगदी अनोळखी माणसानं सांगितलं. तेही हळूच, आजूबाजूला कुणाला कळू नये अशा बेतानं, हेडफोनची वायर गुंडाळता गुंडाळता.

गौरी-गणपती नुकतेच होऊन गेले होते. निघोजला आमच्या शाळेत कानांच्या तपासणीचं शिबिर भरलं होतं. शाळेचं ग्रंथालय मी सांभाळते. सगळ्यांत शांत म्हणून माझीच खोली त्यांना दिली होती. खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या होत्या, पंखा बंद होता, आणि बाहेर भाद्रपदातलं ते ऊन... मध्येच चार थेंब, मध्येच लख्ख.

शेजारच्या बायडाबाईंना मीच आग्रह करून आणलं होतं. अलीकडे त्या फार मोठ्यानं बोलायला लागल्या होत्या, एवढंच निमित्त. त्या खुर्चीत बसल्या, हेडफोनवरून डोईचा पदर नीट केला आणि फोटो काढायचा असल्यासारख्या ताठ झाल्या. समोर तो होता, कान तपासणारा. निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि डोळे... ऐकणाऱ्याचे. माणसाचे डोळे ऐकणारे असू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आवाज आला की हात वर करायचा, असं त्यानं खाणाखुणांनी समजावलं.

"हूं," बायडाबाई म्हणाल्या आणि हात वर केला.

"अजून सोडला नाही आवाज, मावशी."

"हूं." पुन्हा हात वर.

तो हसला नाही. पुढचा कितीतरी वेळ तो यंत्राची बटणं फिरवत राहिला, आणि बायडाबाई मनाला येईल तेव्हा हात वर करत राहिल्या. मग मला बाजूला घेऊन तो म्हणाला, यांना बऱ्याच वर्षांपासून फार कमी ऐकू येत असणार. मोठ्यानं बोललेलं थोडं, बाकी सगळं ओठ बघून.

"असं कसं? मी रोज यांना कहाणी सांगते... आणि त्या हूं म्हणतात."

"बरोबर ठिकाणी म्हणतात?"

मी आठवू लागले. वाक्य अर्धं असतानाही हूं, मी श्वास घ्यायला थांबले तरी हूं.

आमच्या घरात चातुर्मासाचा एक नेम आहे. आई करायची, आई गेल्यावर तो माझ्या ओटीत आला. रोज एक कहाणी कुणाला तरी सांगायची, मगच अन्नाला हात लावायचा. ऐकणारानं मुठीत अक्षता धरायच्या आणि वाक्यावाक्याला हूं म्हणायचं. हुंकार मिळाला नाही तर सांगणारानं पुढं जायचं नाही. कहाणी पुरी झाली की मूठ उघडून अक्षता देवीच्या पायांवर. त्याआधी मूठ उघडायची नाही. आईच्या वेळेपासून ही मूठ बायडाबाईंची.

त्या दिवशी सकाळी घाईत कहाणी राहिली होती. शिबिर उरकलं की सांगू, असं ठरलं होतं. म्हणजे मी उपाशी होते, आणि माझी ऐकणारी...

मी त्यांच्यासमोर बसले, ओठ दिसतील अशी, आणि विचारलं. बायडाबाई पदराशी चाळा करत राहिल्या.

"तुजी आई सांगायची तवा ऐकू यायचं. मंग कमी कमी हुत गेलं," त्या म्हणाल्या. "पन तुला सांगितलं आस्तं तर तू दुसरी कुनी बगितली आस्ती. ऐकू न्हाई आलं म्हून काय झालं, बसले तर हुते."

इतकी वर्षं ही बाई न ऐकू येणाऱ्या कहाणीसाठी रोज मूठ वळून बसत होती. श्रद्धा म्हणतात ती यापेक्षा वेगळी काय असते?

मागून आवाज आला. "मी ऐकू का तुमची कहाणी?" तो वायरीचा गुंडाळा हातात घेऊन उभा होता. "तेवढं एकच काम येतं मला."

मी पदर सावरला. हातात अक्षता धराव्या लागतात म्हटलं. मध्ये उठता येत नाही.

"काय म्हणालात?"

"मध्ये उठता येत नाही."

"तुम्ही इतकं हळू बोलता," तो गंभीरपणे म्हणाला, "की चांगल्या कानाच्या माणसालाही जवळ यावं लागतं. मावशींचा काही दोष नाही."

बायडाबाईंनी त्याचे ओठ वाचले असावेत. त्या खुदकन हसल्या.

•

कहाणीसाठी मळगंगेच्या देवळात गेलो, तर तिथं माध्यान्हीची आरती चालू होती, म्हणून आम्ही कुंडाकडे उतरलो. बायडाबाई गुडघ्यांमुळं वरच्या पायरीवरच बसल्या, आमच्याकडे तोंड करून, पहाऱ्याला बसल्यासारख्या.

कुंड मी लहानपणापासून बघते. तरी दर वेळी पायऱ्या संपल्या की माझा श्वास थांबतो. सगळा काळा कातळ, आणि त्यात कुकडीच्या पाण्यानं कोरलेले रांजण. एकात एक, एकाला लागून एक, आतून इतके गुळगुळीत की जणू कुणी तळहातानं लिंपले असावेत. नदी त्यांच्यामधून घुमत, वळत, पांढरी होत जाते. हे कुणी घडवलं, कशासाठी घडवलं... मी आपली हात जोडते. त्यानंही काही न बोलता जोडले, आणि मला ते फार आवडलं.

त्याचं नाव आदिनाथ. पाथर्डीकडचा. आई-वडील ऊसतोडीला कारखान्यावर जायचे, तेव्हा तो आजीपाशी राहायचा. शाळेतलं सगळं तो संध्याकाळी आजीला सांगायचा, आणि आजी हूं म्हणायची. तिला ऐकूच येत नव्हतं, हे घरात कुणाला कळलं तोवर फार उशीर झाला होता. म्हणून तो या शिक्षणाला गेला.

"तो हूं मी ओळखतो," तो म्हणाला. "फार मायेचा असतो. पण जागा चुकते."

मी पुडीतल्या अक्षता त्याच्या हातावर ठेवल्या. त्याच्या बोटांना माझी बोटं लागली न लागली... आणि शुक्रवारची कहाणी सुरू केली. काय सांगू, त्याचा हूं कसा होता! घाई नाही, उपकार नाही. वाक्य खाली टेकायच्या आत तो ते अलगद झेलायचा. कहाणीतली गरीब बहीण भावाच्या दारातून उपाशी परतली, तिथं तो हूं म्हणायचाच थांबला. मीही थांबले. थोड्या वेळानं, घसा साफ करून, "हूं."

कहाणी संपली. आता मूठ उघडायची. पण त्यानं उघडली नाही.

बायडाबाईंनी येताना माझं सगळं सांगून टाकलं होतं म्हणे. मी गोष्टी लिहिते, प्रेमाच्या लिहिते, आणि सध्या एक अडून बसली आहे. तर ती सांगा, तो म्हणाला. एवीतेवी बसलोच आहोत.

आणि इथं माझी चूक झाली. मी सांगायला लागले. त्याच्या मुठीत अजून अक्षता आहेत, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

गोष्ट साधी होती. नदीच्या या काठावर एक मुलगी, त्या काठावर एक मुलगा. मध्ये पूल. रोज ती धुणं वाळत घालते, तो समोरच्या मळ्यात पाणी धरतो. रोज दिसतात, बोलणं कधी नाही. एक दिवस कळतं, तो गाव सोडून चाललाय. ती तशीच, ओल्या हातांनी, पुलावर धावते. समोरून तोही येतो. पुलाच्या मध्यावर दोघं थांबतात. ती बोलायला तोंड उघडते...

"हूं?"

पाणी घुमत होतं.

"पुढं काय?"

"पुढं... माहीत नाही. आषाढापासून ती तिथंच उभी आहे." काय काय लिहून पाहिलं मी तिच्या तोंडी! चांदणं घातलं, जन्मोजन्मीचं घातलं, सगळं खोटं वाटलं, सगळं खोडलं. संगमनेरच्या सत्यशीलाताई त्यांच्या दिवाळी अंकासाठी गोष्टीची वाट बघत होत्या. पानं राखून ठेवली होती त्यांनी.

"आषाढापासून," तो म्हणाला. "पाय दुखले असतील हो तिचे."

मला हसू आलं. मग त्याची मूठ दिसली, आणि हसू तिथंच विरलं.

"अहो... मूठ उघडू नका."

त्यानं मुठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सगळं त्याच्या लक्षात आलं. वरून जीपचा हॉर्न वाजायला लागला होता. त्यांना अजून एक गाव करायचं होतं.

"कहाणी अर्धी ठेवली तर काय होतं?"

"आई म्हणायची, सांगणारीचं आणि ऐकणाऱ्याचं, दोघांचंही काम वाटेत अडतं."

तो उठला. खिशातून रुमाल काढला, एका हातानं आणि दातांनी कशीतरी गाठ मारत अक्षता त्यात बांधल्या. मूठ उघडली नाही हां, तो म्हणाला, फक्त घर बदललं. बायडाबाईंचं ऐकायचं मशीन बसवायला तो नवरात्रात येणार होता. तोवर तिला पुलावरून उतरवा, म्हणाला. कारण दसऱ्यानंतर तो म्हैसूरला जाणार होता, पुढच्या शिक्षणाला. दोन वर्षं.

तो पायऱ्या चढून गेला. बायडाबाई वरून ओरडल्या, "सुकन्ये, जेव आता. कहानी झाली न्हवं?"

एक झाली होती. एक राहिली होती.

•

शिबिराच्या कागदावर बायडाबाईंच्या नावापुढं माझा नंबर होता. चार-आठ दिवसांनी त्यावर फोन आला.

"तुमची मुलगी हलली का?"

"नाही."

"तरीच. आमची गाडी पाथर्डीच्या अलीकडं पंक्चर होऊन उभी आहे."

मी हसले, पण फोन ठेवल्यावर देवीसमोर बसून क्षमा मागितली. पुढच्या खेपेला त्याचं तपासणीचं यंत्र बिघडलं. मग एसटी चुकली. दर वेळी तो फोन करायचा आणि दोष पुलावरच्या मुलीला द्यायचा. मी म्हणायची, तुम्ही मुद्दाम अडता. तो म्हणायचा, मुद्दाम अडणारा माणूस पावसात उभा राहील का? आणि मग पावसाचा आवाज ऐकवायचा... फोन तसाच धरून, काही न बोलता. मीही काही बोलत नसे. इतकं काही न बोलणं मी आयुष्यात कुणाशी केलं नव्हतं.

बायडाबाई रोज सकाळी येतच होत्या. आता मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन कहाणी सांगायची. गल्ली ऐकायची, त्यांना मात्र निम्मंच पोचायचं.

गोष्ट तेवढी पुढं सरकेना. लिहायला बसलं की पूल दिसायचा, मुलगी दिसायची, तिचे ओले हात दिसायचे. समोरच्या मुलाचा शर्ट आता निळा झाला होता. मी रोज जपाला बसताना देवीला म्हणायची, आई, तिला शब्द दे. सत्यशीलाताईंचा शेवटचा फोन आला. घटस्थापनेनंतर तीन दिवस थांबते, मग पानं दुसऱ्या कुणाला द्यावी लागतील. त्यांचा आवाज कठोर नव्हता, म्हणूनच जास्त लागला. पण खरं भय त्याचं नव्हतंच. तो माणूस अर्धी कहाणी रुमालात बांधून म्हैसूरला निघून जाईल, आणि ती तशीच त्याच्या खिशात राहील... हे माझ्या घशाखालून घास उतरू देत नव्हतं.

•

तिसऱ्या माळेला तो आला.

नवरात्रात मी अनवाणी असते. देवळाच्या ओवरीत त्यानं माझे पाय पाहिले, आणि काही न विचारता आपलेही बूट काढून एका खांबाशी ठेवले. ओवरीत बूट काढतातच सगळे. पण मग आम्ही शाळेत गेलो, मधला सगळा खडीचा रस्ता, तरी त्यानं ते घातले नाहीत. हातात धरून चालला. मी विचारलं, टोचत नाही? तो म्हणाला, टोचतं की.

ग्रंथालयात बायडाबाईंच्या कानात त्यानं मशीन बसवलं. लहानसं, शेंगदाण्याएवढं. नळी नीट केली, मागं सरला, आणि मला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायला सांगितलं.

बायडाबाईंनी पदर घ्यायला हात उचलला, आणि दचकल्या. हात पुन्हा हलवला. पुन्हा. मग दोन्ही मनगटं कानाजवळ नेली.

"ह्या बांगड्या वाजत्यात व्हय?"

बाहेर मैदानात मुलांचा गलका होता, चिमण्या होत्या, कुठंतरी आरतीची घंटा होती. त्यांची मान एकेका आवाजाकडे वळत होती. नुकतंच जन्मलेलं वासरू बघतं ना, तशी. डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि त्या गळणाऱ्या पाण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मी हात जोडून उभी होते. देवीचा साक्षात्कार मी कधी मागितला नाही. पण तो असाच असेल, इतकाच साधा, बांगड्यांएवढा.

"आता तू बोल," त्या मला म्हणाल्या.

काय बोलू? मी म्हटलं, "बायडाबाई..."

त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तुज्या आईचाच आवाज हाय गं," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसले, आणि नेहमीच्या तोऱ्यावर आल्या. "पन इतकं हळू बोलतीस व्हय? तरीच. तू बोलत हुतीस सगळं, माज्यापत्तुर येतच नव्हतं."

मी जागच्या जागी थांबले.

तू बोलत होतीस सगळं. फक्त येत नव्हतं.

"चला," मी आदिनाथला म्हणाले. "लवकर चला. कुंडावर."

"काय झालं?"

"ती हलली."

मी पुढं, तो मागं, हातात बूट. नवरात्रातलं पाणी भाद्रपदापेक्षा निवळलं होतं, पण आवाज तोच. कातळाच्या पोटातून येणारा, आपला स्वतःचा श्वासही ऐकू न देणारा. आम्ही त्याच जागी बसलो. शेजारच्या लहान रांजणात पाणी गरगरत होतं, तळाशी एक गोटा फिरत होता. वाटेत अडकलेला, पुढं जाता न आलेला गोटा... आणि केवढं कोरून ठेवलं होतं त्यानं. मी त्याच्याकडे बघत राहिले.

त्यानं रुमालाची गाठ सोडली. अक्षतांचं कुंकू रुमालाला लागून गेलं होतं, तांदूळ पांढरे झाले होते. त्यानं ते मुठीत घेतले, मूठ मांडीवर ठेवली.

"सांगा."

"ती पुलाच्या मध्यावर आली," मी म्हणाले.

"हूं."

"समोर तो. तिनं बोलायला तोंड उघडलं."

"हूं."

"आणि ती बोलली. केव्हाच बोलली. रोज बोलत होती, धुणं वाळत घालतानाही. पण खाली नदी वाहत होती, आणि तिचा आवाज फार लहान होता. तो समोर उभा होता, त्याच्यापर्यंत काही आलंच नाही. तिला वाटलं, आपल्याला शब्द सापडत नाहीत. शब्द तर होते. मी उगीच तिला नवे शोधून देत बसले."

तो हूं म्हणाला नाही. नुसता बघत होता, त्या डोळ्यांनी.

"मग?"

माझं काळीज इतकं धडधडत होतं की मशीन माझ्याच कानात बसवलं असावं असं वाटलं. आमच्या घरात मोठ्यानं बोलायची रीत नाही. देवालाही आम्ही मनात हाक मारतो. पण नदी समोर होती, आणि ती थांबणार नव्हती.

"मग तिनं तेच पुन्हा सांगितलं," मी म्हणाले. "मोठ्यानं."

आणि सांगितलं. मोठ्यानं. पाण्याच्या वरून.

"तुम्ही जाणार असाल तर जा. दोन वर्षांनी या. पण मी या काठावर तुमची वाट बघते आहे, एवढं ऐकून जा."

कातळावरून माझाच आवाज परत आला. मी मान खाली घातली. आता त्याचा हूं यायचा. हुंकार मिळाल्याशिवाय पुढं जायचं नसतं, आणि पुढं तर माझं सगळं आयुष्य होतं. पाणी घुमत राहिलं. एक क्षण. आणखी एक...

"हूं," आवाज आला.

वरून. पायऱ्यांवरून. आमच्या मागोमाग आलेल्या बायडाबाई वरच्या पायरीवर गुडघे धरून बसल्या होत्या, मान कलती करून, कान आमच्याकडे.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हूं अगदी बरोबर जागी पडला होता.

मी तोंडावर हात घेतला. आदिनाथ हसायला लागला, आणि हसताना त्याचे डोळे भरून आले. मग माझ्याकडे वळून, इतक्या हळू की मलाच जवळ व्हावं लागलं, तो म्हणाला, "हूं."

आणि मूठ उघडली.

बायडाबाई एकेक पायरी धरत खाली आल्या. त्याच्या तळहातावरच्या अर्ध्या अक्षता त्यांनी देवीसाठी पदरात बांधल्या. उरलेल्या हातात खेळवल्या, आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि आमच्या डोक्यावर टाकल्या.

"लगनाच्या न्हाईत," त्या म्हणाल्या. "सराव आसावा म्हून."

•

गोष्ट त्याच संध्याकाळी लिहून झाली. सत्यशीलाताईंनी वाचून फोन केला. शेवट आवडला, पण मुलगा काही म्हणतच नाही, शेवटी हूं म्हणतं ते कोण, असं विचारत होत्या. मी म्हटलं, असू द्या तसंच.

दसऱ्याला त्यानं आमच्या घरी सोनं दिलं, माझ्या वडिलांच्या पाया पडला, आणि दुसऱ्या दिवशी गेला. वाटेत गाडी पंक्चर झाली नाही, एसटी चुकली नाही. म्हैसूरला पोचल्यावर फोन करून त्यानं तशी तक्रार केली.

कार्तिकी एकादशीपर्यंत नेम चालू आहे. सकाळी मी देवीपुढं बसते. एका बाजूला बायडाबाई, मूठ वळून. दुसऱ्या बाजूला तांब्याला टेकवून ठेवलेला फोन, आणि त्यात आणखी एक मूठ. मी कहाणी सांगते, दोन हूं येतात. बायडाबाईंचा आधी, त्याचा जरा मागून, रेंज असेल तसा.

"तुजा डाक्तर मागं पडतोय," त्या म्हणतात. "जरा मोट्यानं सांग."

मी मोठ्यानं सांगते.